ताशी तीसचं हळदीकुंकू

रथसप्तमीच्या दिवशी ट्रुगानिनामध्ये मला पोलिसांनी अडवलं, ते गाडी फार हळू चालली होती म्हणून. (मेलबर्नमध्ये येऊन मला बावीस वर्षं झाली. जास्त वेगासाठी अडवलेले पुष्कळ मराठी लोक माझ्या ओळखीचे आहेत. कमी वेगासाठी अडवलेली मी पहिलीच!)

या सगळ्याचं मूळ स्वीडनमध्ये आहे.

पहिल्या वर्षीच्या त्या लांबलचक लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाने स्वतःला काहीतरी नाद लावून घेतला. शेजारच्या शुभदाने पाव भाजायला घेतले. माझ्या नवऱ्याने, मंदारने, एक जुनी यूट विकत घेतली. यूट म्हणजे पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा. इथले सुतार, प्लंबर, माळी ती वापरतात. मंदार पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. आजवर त्याने उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे लॅपटॉपची बॅग.

"कशाला रे आपल्याला?"

"असू दे गं. इथे सगळ्यांकडे असते."

आणि आमच्या सोळा वर्षांच्या इराने नाद लावून घेतला तो थेट स्वीडनचा!

कुठल्याशा ऑनलाइन गेममध्ये तिला लिनेया नावाची मैत्रीण मिळाली. ही लिनेया स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात राहते. तीन रस्ते, एक पेट्रोल पंप, बाकी झाडं. तिकडे म्हणे पंधराव्या वर्षीच गाडी चालवता येते. अट एकच, गाडीचा ट्रॅक्टर झाला पाहिजे. मागे हौदा, हौद्यावर लाल त्रिकोण, आणि वेग ताशी तीसच्या वर जाता कामा नये. या गाडीला एपा म्हणतात. मग गावातली सगळी पोरं आपापल्या एपाच्या आरशाला लुडोतल्यासारखे पण मोठे, केसाळ फासे टांगतात, हौद्यात कपाटाएवढा स्पीकर बांधतात, पोटात ठोके पडतील असं संगीत लावतात आणि ताशी तीसने पेट्रोल पंपाभोवती फिरत बसतात.

"पण जातात कुठे?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग घरी परत का येतात? घरीच बसावं की!"

"आई! इट्स अ कल्चर!"

मी एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. कुठला माल, कुठल्या ट्रकने, कुठल्या रस्त्याने, किती वाजता पोचणार, हे सगळं मी ठरवते. कुठेच न जाणाऱ्या गाड्यांचं कल्चर ऐकून मला घेरी यायची बाकी राहिली.

पण बापलेक पेटले होते. महिन्याभरात आमच्या यूटची एपा झाली. मागे लाल त्रिकोण आला. आरशाला गुलाबी केसाळ फासे आले. एका बंद पडलेल्या बँडचा स्पीकर हौद्यात दोरखंडाने बांधला गेला. राहिला प्रश्न वेगाचा. त्यावर मंदारने आमच्या मोडक्या पोळपाटाचा एक पाय ॲक्सिलरेटरखाली ठोकून बसवला. पॅडल निम्म्यातच अडकायचं. गाडीने तीसच्या पुढे जायचं नावच काढलं नाही!

खरं सांगते, हे मला आवडलं. इराला नुकतीच एल प्लेट मिळाली होती. शेजारी मोठं माणूस बसवून एकशेवीस तास गाडी चालवल्याशिवाय इथे पुढची परीक्षा देता येत नाही. पोटच्या पोरीला गाडी शिकवायची वेळ आली की ताशी तीससुद्धा भरपूर वाटतात.

अशात दुसऱ्या वर्षीचा फेब्रुवारी आला. कोविड जरा निवळला होता, म्हणून मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणींना शनिवारचं आमंत्रण दिलं. वाण म्हणून सिंकमध्ये बसवायच्या स्टीलच्या जाळ्या आणल्या. (माझं वाण नेहमी उपयोगाचं असतं. बायका ते घेताना "अय्या" म्हणत नाहीत, "बरं" म्हणतात.) आणि शुक्रवारी दुपारी जाहीर झालं: आज रात्रीपासून पाच दिवसांचा लॉकडाऊन!

हळदीकुंकू बुडालं असतं तरी मी झोपले असते. अडचण होती निहारच्या बोरन्हाणाची.

निहार म्हणजे मागच्या गल्लीतल्या केतकीचा दहा महिन्यांचा मुलगा. केतकी मिरजेची. तिची आई, आम्ही सगळ्या त्यांना माई म्हणतो, बाळंतपणाला येणार होत्या. तिकीट काढलं होतं, डिंक दळून झाला होता, आणि ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. तेव्हापासून माईंनी नातू पाहिला तो फोनच्या काचेतूनच. बारसं हुकलं, उष्टावण हुकलं. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर त्या मला म्हणाल्या होत्या, "वृंदाताई, बोरन्हाण तरी चार माणसांत होऊ दे हो पोराचं. एकट्या घरात कॅमेऱ्यासमोर नको. तेवढं मला बघू दे."

"माई, काळजीच सोडा," मी म्हणाले. "माझ्या हळदीकुंकवात करू. शब्द दिला!"

आता रथसप्तमी हा शेवटचा दिवस. लॉकडाऊन उठला तो तिच्या अगदी आदल्या दिवशी, तोही नियमांसकट. घरी दिवसाला पाच पाहुणे. उघड्यावर वीस माणसं. तोंडाला मास्क. चाळीस बायकांना पाच-पाचने बोलवायचं तर आठ दिवस लागणार. माझ्याकडे होता एक!

"बायका मालाकडे येऊ शकत नाहीत ना? मग माल बायकांकडे न्यायचा," मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "दारोदार वाण देत जायचं आणि शेवटी बागेत वीस माणसांत बोरन्हाण!"

"कशाने नेणार?" मंदार म्हणाला. "तुझी गाडी गॅरेजमध्ये अडकलीये."

आम्ही तिघांनीही खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर एपा उभी होती. वाऱ्याने गुलाबी फासे हलत होते.

इरा लगेच तयार झाली. (तास मोजून मिळणार होते!) शिवाय ती चालवणार आणि मी तिच्या डावीकडे बसणार म्हणजे माझी खिडकी बरोबर फुटपाथला लागणार. यापेक्षा सोयीची मांडणी मी गोदामातसुद्धा केलेली नाही. इराची अट एकच होती.

"माय एपा, माय म्युझिक."

"हळदीकुंकवाला सनई लावतात."

"मग सनईवाल्यांना चालवायला सांग."

मी तक्ता केला. चाळीस घरं, घरटी तीन मिनिटं. इरा शाळेतून आली की साडेतीनला निघायचं, सहाला बागेत पोचायचं, सव्वासहाला बोरन्हाण. तेव्हा मिरजेत पाऊण वाजलेला असेल. उशीर करून चालणार नव्हतं, कारण निहार सातला झोपतो आणि एकदा झोपला की ब्रह्मदेव आला तरी उठत नाही. पण माझ्या तक्त्यात अर्धा तास शिल्लक होता. मी कधी उशीर करत नाही.

पहिलं घर शुभदाचं. मास्क आणि हातमोजे घालून मी खिडकीची काच खाली केली. बोटाने कुंकू लावायचं तर स्पर्श होणार, म्हणून मी शंभर इअरबड्स घेतले होते. प्रत्येकीला नवी काडी! काडीचं टोक कुंकवात बुडवून मी हात बाहेर काढला. शुभदाने काडी पाहिली, मान मागे टाकली, मास्क खाली ओढला आणि डोळे मिटून नाक पुढे केलं.

"अगं, कपाळ! कपाळ दे!"

"अय्या! सवयच लागलीये गं. दुसरी नाकपुडीपण दाखवणार होते!"

मला वाटलं ही एकटीच वेंधळी. पण छे! पुढच्या चारही जणींनी नाकंच पुढे केली. एकीने तर "आ" केला. गेल्या वर्षभरात गाडीच्या खिडकीतून येणाऱ्या काडीचा इथे एकच अर्थ झाला होता.

तोवर स्पीकर सुरूच होता. ठोका असा की डबीतलं कुंकू आपोआप चाळलं जात होतं. मी येतेय हे तीन गल्ल्या आधीच कळत होतं आणि बायका नटून फाटकात उभ्या राहत होत्या. सहाव्या घरी मी म्हणाले, "इरा, जरा बंद कर, उखाणा घ्यायचाय."

"बंद कशाला?" मागून शुभदाचा आवाज आला. वाण मिळाल्यावर घरी जायचं सोडून ही आपल्या गाडीतून आमच्या मागे आली होती! "ठेक्यात बसतोय की! ऐक!" आणि तिने गाडीच्या खिडकीतूनच हात उडवत सुरू केलं:

"दीड मीटर अंतर ठेवून घेते तिळाचा लाडू, ढम ढम!
घरून काम करतात सुधीरराव, हाती त्यांच्या झाडू, ढम ढम!"

इराने स्टिअरिंग सोडलं नाही, पण तोंड उघडं पडलं. "आई, दॅट वॉज सिक!"

"कोण आजारी आहे?"

"नो, आई. म्हणजे भारी!"

तिने फोन डॅशबोर्डवर लावला आणि लिनेयाला व्हिडिओ कॉल जोडला. स्वीडनमध्ये सकाळ होती. लिनेया ब्रेड खात खात बघत होती. मागून तिचा भाऊही आला. त्यापुढे प्रत्येक घरी उखाणा होऊ लागला आणि प्रत्येक उखाण्याला स्वीडनमधून ओरडा येऊ लागला. मग काय विचारता! एकेक जण दोन-दोन उखाणे घेऊ लागली. घरटी तीन मिनिटांची पाच-सहा झाली.

पण माझ्या तक्त्याची खरी वाट लावली ती दुसऱ्याच गोष्टीने. लॉकडाऊनने काही माझं एकटीचं हळदीकुंकू बुडवलं नव्हतं. सगळ्यांचीच बुडाली होती आणि सगळ्यांचं वाण घरात पडून होतं. दारात आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हाताने कोण जाऊ देईल?

"थांब गं वृंदा, माझं पण घेऊन जा!"

प्रत्येक घरी एक जाळी उतरायची आणि हौद्यात काहीतरी चढायचं. प्लास्टिकच्या टोपल्या, वाट्या, पणत्या, गूळपोळ्यांचे डबे, एक तुळशीचं रोप. बावीस वर्षं मी माल पोचवण्याचे हिशेब बसवतेय. जितकं वाटावं तितकी जास्त भरणारी गाडी मी पहिल्यांदाच पाहिली! सतराव्या घरी मिळालेलं पुडकं ओळखीचं वाटलं. आत बरणीचं झाकण उघडायचं रबर होतं, गेल्या वर्षी मीच वाटलेलं. वर माझ्याच अक्षरात शुभदाचं नाव होतं.

"शुभदा!" मी मागे वळून ओरडले.

"ऐकू येत नाही गं! म्युझिक!" शुभदा म्हणाली.

आता मागे शुभदा एकटी नव्हती. वाण मिळालेल्यांतली एकाआड एक जण "बोरन्हाण बघायला येते" म्हणत गाडी काढून रांगेत लागत होती. सहा वाजले तेव्हा पुढे आम्ही ताशी दहाने, मागे इंडिकेटर लुकलुकवत चौदा गाड्या, आणि माझ्या यादीत अजून अकरा घरं! केतकीचा फोन आला.

"ताई, निहार डोळे चोळतोय."

"चोळू दे. झोपू देऊ नकोस. आलेच!"

"माई पाचव्यांदा विचारतेय."

तेवढ्यात मागून सायरन वाजला. शुभदाच्या मोटारीला वळसा घालून पोलिसांची गाडी पुढे आली. तिच्यातून एक उंच, सोनेरी केसांची बाई उतरली आणि खिडकीशी आली. इराने संगीत बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की फोनमधून लिनेयाच्या चावण्याचा आवाज ऐकू आला.

"हाउ आर वी गोइंग?" बाई म्हणाली.

"हळू," मी म्हणाले.

ते तिने पाहिलंच होतं. शिवाय एक तक्रार आली होती. कुणीतरी फोन करून कळवलं होतं की हातमोजे घातलेली एक बाई मोठ्याने संगीत लावून ट्रकमधून फिरतेय आणि परवानगीशिवाय लोकांच्या कोविड टेस्ट करतेय!

"टेस्ट नाही हो, हे बघा!" म्हणत मी घाईघाईने कुंकवाची काडी पुढे केली. पोलीसबाई दोन पावलं मागे उडाली.

"नो, नो! माझी मंगळवारीच झाली!"

मग इराने सूत्रं हातात घेतली. तिने रथसप्तमी, संक्रांत, स्वीडन, एपा आणि निहारची झोप हे सगळं दीड मिनिटात इंग्रजीत समजावलं. मलाही तेव्हाच नीट कळलं. फोनमधून लिनेयाने साक्ष दिली की वाहन त्यांच्याकडच्या नियमांना धरून आहे. पोलीसबाईने वाकून पॅडल पाहिलं.

"आणि हे लाकूड काय आहे?"

"पोळपाटाचा पाय," मी म्हणाले. यापुढचं भाषांतर मला येत नव्हतं.

लाकूड जागच्या जागी काढावं लागलं. इराला समज मिळाली. मला तिच्या दुप्पट मिळाली, कारण एल प्लेटवाल्याच्या शेजारच्या माणसाला अक्कल असणं अपेक्षित असतं. शेवटी त्या बाईने मागच्या रांगेकडे पाहिलं. चौदा खिडक्यांतून काठपदराच्या बायका तिला हात करत होत्या.

"बागेत गाडीबाहेर वीस माणसं," ती म्हणाली. "बाकीचे गाडीत. एकवीस दिसली तर मी परत येईन."

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. उरलेल्या अकरा जणींना मी फोनवर कळवलं, वाण बागेत येऊन गाडीतूनच घ्या. लाकूड काढलं होतं, रस्ता मोकळा होता, तरी इरा दहानेच चालली होती.

"अगं, दाब की!"

"रिस्पेक्ट द कल्चर, आई."

"इरा, माई सकाळपासून फोन धरून बसल्यात!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाय दाबला. एपा आयुष्यात पहिल्यांदा पन्नासने धावली! हौद्यात वाट्या, टोपल्या आणि डबे असे वाजले की स्पीकरची गरजच उरली नाही.

बागेत आयुष्यभराचा अनुभव माझ्या कामी आला. पंचवीस गाड्या मी मैदानाभोवती अर्धगोलात लावून घेतल्या. गाडीबाहेर मोजून वीस माणसं ठेवली, त्यात सात पोरं. मध्ये पाट, पाटावर केतकी, तिच्या मांडीवर काळ्या झबल्यातला निहार. अंगावर चुरमुरे ओवून केलेले दागिने, डोक्यावर मुकुट, आणि चेहरा असा की कुठल्याही क्षणी भोकाड पसरेल नाहीतर झोपेल. पलीकडे सीगल जमले होते आणि त्याच्या हारावर डोळा ठेवून होते. फोन एका काठीला बांधून माईंचं तोंड निहारकडे केलं. माई सोन्याच्या बांगड्या घालून, चष्मा पुसून तयार होत्या.

एपा उलटी आणून तिचा हौदा पाटाच्या मागे लावला होता. बोरं इथे मिळत नाहीत, म्हणून परातीत चुरमुरे, पॉपकॉर्न, द्राक्षं आणि कागदातली चॉकलेटं होती. औक्षण होईपर्यंत परात ठेवायला मी जागा शोधली. उंच, सपाट, हाताशी. स्पीकरचा माथा! अशा जागा मला पटकन दिसतात.

निहारने ओठ काढले. मी त्याला ओवाळायला वाकले. तेवढ्यात अर्धगोलातून शुभदाने डोकं बाहेर काढलं.

"इरा! पोरगं रडतंय, ते ढमढम लाव!"

"लाव! लाव!" पंचवीस गाड्यांतून एकच ओरडा.

इराने लावलं.

पहिल्या ठोक्याला परात थरथरली. दुसऱ्याला ती चालायला लागली. तिसऱ्या ठोक्याला केतकी ओरडली, "ताई!" आणि मी निहारवर छत्रीसारखी ओणवी झाले. मग आधी चुरमुरे, मग द्राक्षं, मग चॉकलेटं, आणि शेवटी खुद्द परात माझ्या पाठीवर अशी वाजली की देवळातली घंटाच! पोरांना तर तेवढंच हवं होतं. बोरन्हाणात पडलेला खाऊ लुटायचा असतो, तो कुणावर पडलाय हे कोण बघतं? सातही पोरं माझ्यावर तुटून पडली. एकाने माझ्या अंबाड्यातून चॉकलेट काढलं. एक जण माझ्या पदरात शिरला. त्यांच्या मागून सीगल आले!

आणि त्या गोंधळात माझ्या पोटाखालून एक आवाज आला. निहार हसत होता. आधी गुदगुल्या केल्यासारखा, मग खदखदून, सगळं अंग हलवत.

"अगं बाई, हसतोय!" फोनमधून माई ओरडल्या. "केतकी, हसतोय गं! असा तर तू हसायचीस!" त्या हसत होत्या आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मिरजेतली त्यांची खोलीभर माणसं टाळ्या वाजवत होती. इकडे पंचवीस गाड्यांनी हॉर्न लावले. स्वीडनमध्ये लिनेयाने बाहेर जाऊन आपल्या एपाचा हॉर्न लावला. मैदानाच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती. ती बाई बहुधा माणसं मोजायला आली होती. तिने क्षणभर पाहिलं आणि तिनेही हॉर्न दाबला! मी द्राक्षाचा रस गाळत उठून उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. शब्द पाळला होता. सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"वृंदाताई," आवाज जरा शांत झाल्यावर माई म्हणाल्या, "फार छान झालं. पण मूल पाच वर्षांचं होईपर्यंत बोरन्हाण दरवर्षी करायचं असतं हं."

"करू की माई! निहारचं दरवर्षी करू."

"निहारच्या अंगावर चारच चुरमुरे पडले हो. मी तुमचं म्हणतेय."

त्या थट्टा करत होत्या असं मी धरून चालले होते. पण केतकी दरवर्षी दोन मुकुट करते, एक निहारचा आणि एक माझा, आणि बायका नेम धरून परात ओततात. निहारचा मुकुट दर वर्षी मोठा करावा लागतो. माझा पहिल्या वर्षीचाच अजून बसतो. इराच्या मते यात नवल काही नाही, कारण मुकुटाखाली काही वाढ झाल्याचं तिच्या तरी पाहण्यात नाही!